काडीवरची खूण

सोहारच्या सनाइयात, तिसऱ्या गल्लीत,
हिलाल बिन मुस्बह आपली घरगाडी घेऊन आला.
आत पलंग, शेगडी, बेसिन, खिडकीला फुलाफुलांचा पडदा.
मागून निळा धूर.
निवृत्त मास्तर. भूगोलाचा.
बायकोला सलालाची हिरवळ दाखवायची आहे म्हणाला,
बाराशे किलोमीटर,
आणि ही तेल फार पिते, मिस्त्री, मी रोज पाजतो.

रोज पाजतो हे ऐकून मी चष्मा लावला.

काडी ओढली, पुसली, परत घातली, ओढली.
खालच्या खुणेच्याही खाली.
"बघ," मास्तर म्हणाला, "उपाशी."
पण हवेच्या नळीत बोट घातलं तर काळं, ओलं.
उपाशी माणूस ढेकर देत नाही.

इथली जमीन सपाट दिसते, नसते.
सुलेमानीचा ग्लास फरशीवर ठेवला,
चहा कुठल्या अंगाला झुकतो ते पाहिलं,
पुढच्या डाव्या चाकाखाली फळी सरकवली.
पुन्हा ग्लास. पुन्हा फळी, जरा पातळ.
मग चहा प्यायलो. गार झाला होता.

तळाचा बोल्ट सोडला.
तेल आलं, येत राहिलं,
डबा भरला तरी येत राहिलं,
सर्वेश दुसरा डबा आणायला धावला.
मोजलं : साडेआठ.
इंजिनाच्या पुस्तकात सहा.
इतके दिवस क्रँक तेलात बुडून फिरत होता,
ताक घुसळावं तसा,
आणि लोणी सायलेन्सरमधून जात होतं.

मास्तर बराच वेळ डब्याकडे बघत राहिला.
मग हळूच : काडी खोटी?
खोटी नाही, मास्तर. आखूड.
कुणा गाडीवाल्याची कधी मोडली असेल,
कुणी भंगारातून दुसऱ्या इंजिनाची आणून बसवली.
ती खरंच सांगत होती,
जिथवर पोचत होती तिथवरचं.

नवा फिल्टर. मापाने पाच लिटर, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही.
दोन मिनिटं चालवलं, बंद केलं.
आता थांबायचं.
वर चढलेलं तेल भिंतींवरून उतरतं सावकाश,
ते घाईला ओळखत नाही.
असरची अजान झाली.
मास्तरने आमच्याच नळावर हातपाय धुतले,
पुठ्ठा अंथरून नमाज पढला,
परत आला आणि माझा उजवा हात बघत म्हणाला,
हे बोट?
पंख्याच्या पट्ट्यात, म्हटलं. अर्धं पेर.
आमच्याकडे भाताचं पाणी पेराने मोजतात, मास्तर.
त्यानंतर महिनाभर आमच्या खोलीने कच्चा भात खाल्ला.

तो हसला नाही.

काडी बुडवली. तेल टोकाला जेमतेम शिवलं होतं.
कानशीने तिथे एक रेघ.
आणखी एक लिटर, आणखी दहा मिनिटं,
वर दुसरी रेघ.
जुन्या दोन्ही खुणा घासून काढल्या.
मास्तरने चष्मा काढून काडी डोळ्यांजवळ नेली,
जशी वहीतली चूक बघत असेल.
या दोघींच्या मधे?
या दोघींच्या मधे. रोज बघा. रोज पाजू नका.

धूर तरी थोडा राहिलाच.
नळ्यांमधलं जुनं जळेपर्यंत राहणार, तेही सांगितलं.
पडद्याआडून मास्तरीणबाईने हात हलवला,
खजुराचा डबा सर्वेशच्या हातात दिला.

रात्री खोलीत आम्ही आठ जण.
मी आंघोळीला गेलो म्हणून सर्वेशने भात लावला.
तीन महिने तो माझ्या बोटाकडे बघत होता :
तांदळावर टेकवायचं,
पाणी भाजल्याच्या डागापर्यंत.
त्याने अगदी तस्संच केलं,
तिथवरच पाणी घातलं,
आपल्या अख्ख्या बोटाने.

गिचका झाला.
आठही जणांनी आमटी ओतून मुकाट खाल्ला.
सर्वेश आपलं बोट उलटसुलट करून बघत होता.
मी खजुराचा डबा उघडला.